काळ्या टी-शर्टमागचा किमयागार

रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या एका विक्षिप्त माणसाने मँचेस्टरच्या पंक पोरांचा गोंगाट असा काही मुद्रित केला, की पाश्चात्त्य तरुण संगीताची दिशाच बदलली. त्या पोरांना मात्र तेव्हा तो आवाज मुळीच आवडला नव्हता! वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी जगाचा निरोप घेणाऱ्या मार्टिन हॅनेटची ही कहाणी.

काळा टी-शर्ट आणि त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषांचा डोंगर. कॉलेजच्या कट्ट्यावर, विमानतळावर, सिनेमाच्या रांगेत हा टी-शर्ट तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. कुणाला ती पर्वतरांग वाटते, कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. प्रत्यक्षात त्या आहेत एका दूरच्या ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ लहरी. १९६७ साली केंब्रिजच्या जोसलिन बेल या संशोधक तरुणीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे स्पंदन सापडलं. ‘पल्सार’ नावाच्या ताऱ्यांचा तो पहिला शोध. त्याच ताऱ्याच्या लहरींचा आलेख पुढे १९७९ साली पीटर सॅव्हिल या चित्रकाराने एका रेकॉर्डच्या वेष्टनावर छापला. रेकॉर्डचं नाव होतं ‘अननोन प्लेझर्स’ आणि वाद्यवृंदाचं नाव ‘जॉय डिव्हिजन’.

ते चित्र जगभर गेलं. मुखपृष्ठाच्या आत जी तबकडी होती, तिचा आवाज ज्याने घडवला त्या माणसाचं नाव मात्र मोजक्या रसिकांपलीकडे कुणाला फारसं ठाऊक नाही. तो म्हणजे मार्टिन हॅनेट.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा नव्हे

आपल्याकडे ‘निर्माता’ म्हटलं की पैसे ओतणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. रेकॉर्डच्या दुनियेत हा शब्द वेगळ्या माणसासाठी वापरतात. गाणं कलावंतांचं असतं. पण ते कोणत्या खोलीत वाजवायचं, माइक कुठे ठेवायचा, कुठलं वाद्य पुढे आणायचं, कुठलं मागे ढकलायचं, कितवा टेक पसंत करायचा, हे सारं निर्माता ठरवतो. सिनेमात जे दिग्दर्शकाचं स्थान, तेच रेकॉर्डमध्ये निर्मात्याचं. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोवेकर अरेंजरनी जी कामगिरी पडद्यामागे राहून केली, तिच्यात रेकॉर्डिस्टचं कसब मिसळलं, की या पेशाची थोडीफार कल्पना येते.

मार्टिन हॅनेटचा जन्म मे १९४८ मधला, मँचेस्टरचा. घर कष्टकरी कॅथलिक कुटुंबाचं. मँचेस्टर हे एके काळी सुती कापडाच्या गिरण्यांचं जगातलं सर्वांत मोठं केंद्र. पण हॅनेट मोठा होईपर्यंत गिरण्यांची धुराडी थंडावू लागली होती. शिक्षणात पोरगा हुशार. त्याने रसायनशास्त्राची पदवी घेतली, काही काळ प्रयोगशाळेत नोकरीही केली. मन मात्र रमलं ते बास गिटारमध्ये आणि ध्वनियंत्रांमध्ये. नोकरीला रामराम ठोकून तो स्थानिक वादकांच्या एका सहकारी संस्थेचं काम पाहू लागला. वादकांना कार्यक्रम मिळवून दे, ध्वनिक्षेपक भाड्याने दे, पोस्टर लाव, अशी ती कामं. शहरातला प्रत्येक होतकरू गिटारवाला कधी ना कधी त्याच्या दारात येऊन गेला.

पाचशे पौंडांची क्रांती

१९७६ चं ब्रिटन चिंतेत होतं. महागाई भडकलेली, तरुणांना नोकऱ्या नाहीत, सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागायची पाळी आलेली. रॉक संगीत मात्र लक्षाधीश कलावंतांच्या हाती गेलं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, लांबलचक गिटारवादन, महागडी यंत्रं! त्याविरुद्ध चिडून उठलेल्या पोरांचं संगीत म्हणजे पंक. तीन सूर जमवायचे, गिटार जोरजोरात खरवडायची आणि दोन-अडीच मिनिटांत मनातला संताप ओकून मोकळं व्हायचं. फाटके कपडे आणि त्यांना लावलेल्या सेफ्टी पिना हा त्यांचा गणवेश.

४ जून १९७६ रोजी लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला. प्रेक्षक मोजकेच. पण त्यातल्या अनेकांनी घरी परतून स्वतःच वाद्यवृंद काढायचं ठरवलं. पुढे ‘जॉय डिव्हिजन’मध्ये वाजवणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे शाळूसोबती त्या रात्री तिथे होते. कार्यक्रम आयोजित करणारे हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता ‘बझकॉक्स’.

या बझकॉक्सना रेकॉर्ड काढायची होती, पण लंडनच्या कंपन्या दाराशी उभं करणार नाहीत हे उघड होतं. मग त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून उसने घेऊन सुमारे ५०० पौंड जमवले आणि गाठलं हॅनेटला. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत काही तासांत चार गाणी मुद्रित झाली. जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ या नावाने ती तबकडी पोरांनी स्वतःच्याच लेबलवर बाजारात आणली. वेष्टनावर निर्मात्याचं नाव होतं ‘मार्टिन झीरो’. हेच हॅनेटचं तेव्हाचं टोपणनाव. कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं, हेसुद्धा पोरांनी वेष्टनावर छापून टाकलं. जणू सांगायचं होतं, ‘बघा, यात काही जादू नाही, तुम्हीही करू शकता!’

पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या आणि मागणी वाढतच गेली. ब्रिटनमधल्या पंकवाल्यांनी स्वतःच्या खिशातून काढलेली ही पहिली रेकॉर्ड मानली जाते. तिच्यानंतर गावोगावी घरगुती लेबलं निघाली. रेकॉर्ड काढण्यासाठी लंडनला जावंच लागतं, हा समज मोडीत निघाला.

आवाजाला खोली हवी

हॅनेटला मात्र नुसता गोंगाट मुद्रित करण्यात रस नव्हता. प्रयोगशाळेतला माणूस तो! आवाज म्हणजे त्याच्या लेखी पदार्थ. तो वेगळा करावा, गाळावा, पुन्हा मिसळावा आणि काय होतं ते पाहावं.

याच सुमाराला लँकेशायरमधल्या बर्नली गावात ए.एम.एस. नावाच्या छोट्याशा कंपनीने एक नवं यंत्र तयार केलं होतं : डिजिटल डिले. आवाज आत घ्यायचा, तो आकड्यांच्या रूपात साठवायचा आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतक्या उशिराने परत सोडायचा. उशीर मोठा असेल तर डोंगरात घुमावा तसा प्रतिध्वनी येतो. तो अगदी सूक्ष्म असेल तर प्रतिध्वनी असा वेगळा ऐकूच येत नाही. मूळ आवाजाला नुसतीच एक धार येते, एक विचित्र खोली येते. हे यंत्र सुरुवातीलाच ज्यांनी हाताळलं त्यांच्यात हॅनेट होता आणि त्याने ते मुख्यतः वापरलं ड्रमच्या आवाजावर. साधा ड्रमचा ठोका त्याच्या हाती ओसाड गोदामात लोखंडी दार आपटावं तसा वाजू लागला.

१९७८ मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टीव्हीवरचा निवेदक टोनी विल्सन आणि त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस यांनी ‘फॅक्टरी’ नावाने आधी संगीताचे कार्यक्रम आणि मग रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. हॅनेट आणि चित्रकार सॅव्हिल त्यात भागीदार झाले. कंपनीचा कारभार अजब! लेखी करारमदाराची भानगडच नाही. जॉय डिव्हिजनबरोबरचा जो एक कागद झाला, तो म्हणे विल्सनने स्वतःच्या रक्ताने लिहिला होता. मजकुराचा सारांश असा, की सगळ्याचे मालक कलावंत, कंपनी कशाचीच मालक नाही. या उदारपणाची किंमत कंपनीला पुढे मोजावी लागलीच.

आणि पोरं खट्टू झाली!

ऑक्टोबर १९७८ मध्ये रॉचडेलच्या कार्गो स्टुडिओत हॅनेट आणि जॉय डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र आले. चौघेही विशीतले. गायक इयान कर्टिस मॅक्लसफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याच्या विभागात नोकरीला होता. गिटारवर समनर, बासवर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस. रंगमंचावर त्यांचा आवेश असा, की पहिल्या रांगेतल्यांनी दोन पावलं मागे सरावं.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘अननोन प्लेझर्स’चं ध्वनिमुद्रण झालं. ‘टेन सीसी’ या वाद्यवृंदाच्या कलावंतांनी उभारलेला हा सुसज्ज स्टुडिओ. इथे हॅनेटने पोरांची अक्षरशः परीक्षा पाहिली. ड्रममध्ये कुठेतरी काहीतरी खडखडतंय म्हणून त्याने मॉरिसला सगळा संच सुटा करायला लावला. मग प्रत्येक ड्रम वेगवेगळा वाजवून घेतला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये मिसळणार नाही आणि प्रत्येकावर स्वतंत्र प्रयोग करता येतील. एका गाण्यात कर्टिसचा आवाज त्याने टेलिफोनच्या तारेतून घेतला. स्टुडिओतल्या जुन्या लिफ्टचा आवाज, काच फुटल्याचा आवाज हेही तबकडीवर चढले. ‘शी इज लॉस्ट कंट्रोल’ या गाण्याच्या नंतरच्या एका मुद्रणात तालासाठी मॉरिसला फवाऱ्याचा डबा फुसफुसवायला लावला.

सूचनाही तऱ्हेवाईक. जरा जलद वाजवा, पण सावकाश, असं तो सांगायचा, अशी आठवण वादक आजही काढतात. मिक्सिंगच्या वेळी कुणी लुडबुड करू नये म्हणून तो वातानुकूलन यंत्र इतकं वाढवून ठेवायचा, की पोरं कुडकुडत आपसूक बाहेर जायची.

रेकॉर्ड तयार झाली आणि समनर नि हुक खट्टू झाले. रंगमंचावरचा तो आवेश, तो दणदणाट गेला कुठे? हे तर थंडगार, पोकळ, दूरवरून आल्यासारखं काहीतरी! आपल्या संगीताचा घात झाला असंच त्यांना वाटलं. हॅनेटने पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की जॉय डिव्हिजन म्हणजे निर्मात्याला मिळालेली भेटच होती. कारण त्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि ती हुज्जत घालत नव्हती. ऐकायला उद्धट वाटतं. पण त्यात तथ्यही होतं. अनुभवी कलावंतांनी त्याला इतकी मोकळीक दिलीच नसती.

१५ जून १९७९ रोजी तबकडी आली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली. हळूहळू लक्षात आलं, की हॅनेटने गोंगाट कमी केल्यामुळेच कर्टिसच्या आवाजातलं एकाकीपण उघडं पडलं होतं. वाद्यांच्या मधली जागा त्याने भरली नाही, मोकळी ठेवली. बास गिटार पुढे आली, सूर तिच्याकडे गेला. मँचेस्टरच्या ओस पडलेल्या गिरण्या आणि ओले, रिकामे रस्ते त्या आवाजात दिसतात असं लोक म्हणू लागले. पंकच्या रागाला आत वळवणारं, विचार करायला लावणारं जे नवं संगीत पुढे ‘पोस्ट-पंक’ आणि ‘न्यू वेव्ह’ या नावांनी ओळखलं गेलं, त्याचा एक पाया इथे घातला गेला.

पीटर हुकने पुढे अनेकदा मोकळेपणाने मान्य केलं, की चूक आमची होती, मार्टिनने केलं तेच बरोबर होतं.

एक वर्ष, अनेक तबकड्या

१९७९ आणि १९८० ही दोन वर्षं हॅनेटची. ‘ऑर्केस्ट्रल मॅन्युव्हर्स इन द डार्क’ या जोडीचं पहिलं गाणं ‘इलेक्ट्रिसिटी’, डेव्होटोच्या नव्या ‘मॅगझीन’ वाद्यवृंदाची ‘द करेक्ट यूज ऑफ सोप’, कवी जॉन कूपर क्लार्कच्या तबकड्या अशी कामं त्याने धडाक्यात केली. व्हिनी रायली या हळव्या गिटारवादकाच्या ‘द ड्युरुटी कॉलम’साठी त्याने सिंथेसायझरमधून पक्ष्यांची किलबिल काढली. पंकच्या आरडाओरड्यातून आलेला निर्माता इतकं नाजूक काम करू शकतो, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं.

मे १९८० मध्ये त्याने डब्लिनच्या चार अनोळखी पोरांची ‘इलेव्हन ओ’क्लॉक टिक टॉक’ ही सिंगल केली. ती पोरं म्हणजे ‘यू-टू’! १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हजारो भारतीय रसिकांनी ज्यांना प्रत्यक्ष ऐकलं, तेच हे यू-टू. त्यांची पहिली मोठी तबकडी मात्र हॅनेटच्या हातून झाली नाही. त्याआधीच एक आघात झाला होता.

१८ मे १९८०

‘शी इज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं कर्टिसला सुचलं ते रोजगार कार्यालयात येणाऱ्या, अपस्माराने आजारी असलेल्या एका तरुणीवरून. दैव असं, की पुढे कर्टिसलाही त्याच आजाराने गाठलं. रंगमंचावर गाता गाताच त्याला झटके येऊ लागले. औषधांनी मन खचत होतं, संसार मोडायच्या बेतात होता, घरी वर्षाची मुलगी होती. मार्च १९८० मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत दुसऱ्या तबकडीचं, ‘क्लोजर’चं काम झालं. गाण्यांचे शब्द दिवसेंदिवस काळवंडत चालले होते. आजूबाजूच्यांना वाटलं, कवी आहे, लिहीत असेल असं काही.

पहिल्या अमेरिका दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० रोजी, कर्टिसने मॅक्लसफील्डच्या घरी आपलं जीवन संपवलं. वय वर्षं २३. जून महिन्यात आलेलं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गाणं ब्रिटनच्या यादीत तेराव्या स्थानावर पोहोचलं आणि जुलैमध्ये आलेली ‘क्लोजर’ सहाव्या. दोन्ही हॅनेटची निर्मिती. ज्याच्या आवाजाभोवती हे सारं उभारलं होतं, तो यश पाहायला उरला नव्हता.

हॅनेट या धक्क्यातून कधी सावरलाच नाही, असं त्याच्या निकटच्या लोकांचं सांगणं. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ नावाने नवी सुरुवात केली. १९८१ मध्ये आलेली त्यांची ‘मूव्हमेंट’ ही तबकडी हॅनेटनेच केली. पण स्टुडिओतलं वातावरण बिनसलं होतं. समनर आणि हुक बिचकत गात होते, हॅनेटला त्यांच्यात कर्टिस सापडत नव्हता. हेरॉईन आणि दारूची पकड घट्ट होत चालली होती. अखेर वाटा वेगळ्या झाल्या. पोरांनी यंत्रं स्वतः हाताळायला घेतली. हॅनेटच्या शेजारी बसून, त्याची बोलणी खात जे पाहिलं होतं, ते कामी आलं. १९८३ साली त्यांच्या ‘ब्ल्यू मंडे’ने विक्रीचे विक्रम मोडले.

स्टुडिओ की नाचघर?

दरम्यान फॅक्टरीत पैशावरून जुंपली. जॉय डिव्हिजनच्या तबकड्यांनी पैसा येत होता. हॅनेटचं म्हणणं, कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ उभारा, नवीनातली नवीन संगणकीय वाद्यं घ्या. पुढचं संगीत यंत्रांतून येणार आहे! विल्सन आणि इतरांच्या मनात होतं भव्य नाचघर. २१ मे १९८२ रोजी ‘हॅसिएंडा’ क्लब सुरू झाला आणि हॅनेटने स्वतःच्याच कंपनीला कोर्टात खेचलं. फॅक्टरीत पोस्टरपासून वस्तूंपर्यंत प्रत्येक गोष्टीला अनुक्रमांक देण्याची पद्धत होती. त्यांनी या खटल्यालाही क्रमांक दिला : एकसष्ट! दोन वर्षांनी प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

कोण बरोबर होतं? हॅसिएंडाने मँचेस्टरला जगाच्या नकाशावर आणलं हे खरं. पण त्याने वर्षानुवर्षं पैसे गिळले हेही खरं. १९९२ मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं आणि १९९७ मध्ये क्लबही बंद पडला. यंत्रांबद्दल हॅनेटने जे सांगितलं होतं, ते दशक संपण्याआधीच खरं ठरलं होतं.

मात्र त्याला स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. व्यसनापायी काम मिळेनासं झालं. वेळ न पाळणारा, स्टुडिओतच झोपी जाणारा निर्माता कुणाला परवडणार? त्याचं वजन बेसुमार वाढलं. १९८५ मध्ये त्याने ‘द स्टोन रोझेस’ या नव्या पोरांची पहिली सिंगल केली. तेव्हा मुद्रित झालेली बाकीची गाणी ‘गॅरेज फ्लॉवर’ या नावाने प्रसिद्ध झाली ती थेट १९९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

एक संधी मात्र परत चालून आली. १९८८ मध्ये जुनी कटुता विसरून फॅक्टरीने त्याला ‘हॅपी मंडेज’ या अवलिया वाद्यवृंदाची ‘बम्ड’ ही तबकडी करायला बोलावलं. रॉक आणि नाचाचं संगीत यांच्या मिश्रणातून मँचेस्टरची जी नवी लाट उसळली, तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या तबकड्यांत ‘बम्ड’ची गणना होते. एकाच शहराच्या संगीताला बारा वर्षांत दोनदा वळण देणारा हात तोच होता.

१८ एप्रिल १९९१ रोजी हृदय बंद पडून मार्टिन हॅनेट गेला. त्रेचाळिसावा वाढदिवस जेमतेम सहा आठवड्यांवर आला होता.

मागे काय उरलं?

२००२ मध्ये मायकेल विंटरबॉटमच्या ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ या चित्रपटाने फॅक्टरीची गोष्ट पडद्यावर आणली. त्यात हॅनेटची भूमिका अँडी सर्किसने केली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॉलम म्हणून मुलं ज्याला ओळखतात, तोच हा नट. चित्रपटातला हॅनेट ड्रमवादकाला थेट छतावर नेऊन बसवतो. प्रेक्षक खो-खो हसतात. पण गमतीच्या आड दडलेला माणूस विक्षिप्तपणासाठी विक्षिप्त नव्हता. हवा तो आवाज त्याच्या कानात आधी वाजलेला असायचा, आणि तो सापडेपर्यंत इतरांचं नि स्वतःचंही काही खरं नसायचं.

त्याच्या वेळी जे यंत्र दुर्मीळ आणि महागडं होतं, त्याचं काम आज घरच्या संगणकावर, अगदी खिशातल्या फोनवरही होतं. कुठलाही मुलगा आपल्या खोलीत बसून आवाजाला हवा तेवढा प्रतिध्वनी देऊ शकतो. त्यामुळे हॅनेटचं मोठेपण यंत्रात नव्हतं, हे आता जास्तच स्पष्ट दिसतं. ज्या काळात प्रत्येक जण आवाज वाढवत होता, त्या काळात वाद्यांच्या मधे मोकळी जागा ठेवायचं धाडस त्याने केलं आणि त्यापायी कलावंतांचा रागही पत्करला.

टोनी विल्सन २००७ च्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेला. मँचेस्टरच्या सदर्न सिमेट्रीत त्याची काळी ग्रॅनाइटची कबर आहे. तिचा आराखडा ‘अननोन प्लेझर्स’चं वेष्टन करणाऱ्या पीटर सॅव्हिलने आणि हॅसिएंडाची सजावट करणाऱ्या बेन केलीने मिळून केला. हॅनेटलाही याच दफनभूमीत पुरलं आहे. स्टुडिओ की नाचघर, यावरून कोर्टात भांडलेले हे दोन भागीदार आता एकाच कुंपणाच्या आत विसावले आहेत.